खाडीचं देणं

मानखुर्द सुटलं की आई पर्समधून एक नाणं काढून मुठीत धरायची. गाडी पुलावर चढली, रुळांचा आवाज पोकळ झाला, की ते नाणं कपाळाला लावायचं आणि खिडकीच्या गजांतून खाडीला द्यायचं. मोठं पाणी रिकाम्या हातानं ओलांडू नये, हे तिला तिच्या आईनं सांगितलेलं. १९९२ साली हार्बर लाईन खाडी ओलांडून वाशीला पोचली आणि त्याच वर्षी आम्ही लालबागची चाळ सोडून वाशीत राहायला गेलो. त्या पहिल्या प्रवासात आईनं दहा पैसे माझ्या तळहातावर ठेवले. म्हणाली, "आज तू दे."

मी दिले नाहीत. नागमोडी काठाचं, अल्युमिनियमचं, वाळल्या पानासारखं हलकं नाणं होतं ते. त्यावर एक छोटं कुटुंब कोरलेलं होतं आणि साल होतं १९७४. 'नियोजित परिवार' हा संदेश घरोघर पोचावा म्हणून त्या वर्षी तशी नाणी काढली होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की हेही आपल्यासारखंच एक घर आहे. आमचं सामान टेम्पोनं पुढे गेलं होतं आणि आम्ही पाण्यावरून नव्या घराकडे चाललो होतो. या नाण्यातल्या माणसांना मध्येच पाण्यात कसं सोडायचं? मी मूठ गजांबाहेर काढली, झटकल्यासारखी केली आणि तशीच मिटलेली आत घेतली. आईला कळलं नाही. खाडीला कळलं असेल, असं मात्र मला कितीतरी रात्री वाटत राहिलं.

माझा नाण्यांचा नाद त्या मिटलेल्या मुठीतून सुरू झाला.

चाळ सोडताना आमच्या पोटमाळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी मोडीत गेली. त्यांच्याबरोबर आजीचा एक बटवाही गेला. बटव्यात जुने पैसे होते, कुठले ते कुणी पाहिलं नाही. तराजूत पडले, किलोच्या भावानं गेले. देव्हाऱ्यातली एक शिवराई तेवढी राहिली, कारण देव कुणी मोडीत देत नाही. पुढे नाणी जमवू लागल्यावर त्या बटव्याची आठवण मला पुन्हा पुन्हा छळत आली. चवल्या असतील, पावल्या असतील, अधेल्या असतील, एखादा ढब्बू पैसा असेल. कदाचित त्याहून जुनं काही असेल. जे गेलं ते काय होतं हेही न कळणं, हे गमावण्याहून मोठं दुःख आहे.

नवी मुंबईतल्या बहुतेक घरांमागे असा एक मोडीत गेलेला बटवा आहे. हे शहर कागदावर आखून मग जमिनीवर उतरवलेलं. १९७० साली सिडको स्थापन झाली, तेव्हाच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर सेक्टर पडले, सेक्टरांत इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत कुठून कुठून आलेली आमच्यासारखी माणसं राहायला लागली. येताना प्रत्येकानं ओझं कमी केलं. इथल्या मुलांना वाडा मिळाला नाही, माळा मिळाला नाही, परसातली आजीनं झाकून ठेवलेली लोटी मिळाली नाही. जगात कुठेही नाण्यांचा छंद आजीच्या डब्यापासून सुरू होतो. आमच्या मुलांसाठी तो डबाच वाटेत हरवलेला आहे.

हे मला नीट कळलं ते समोरच्या फ्लॅटमधल्या मुलामुळे. तो नववीत होता. एका रविवारी बेल वाजवून म्हणाला, "काकू, सुटे आहेत का?"

मी पर्स उघडली. "किती हवेत?"

"हवे नाहीत. फक्त बघायचेत."

पर्समध्ये दोन नाणी निघाली. त्यानं ती उजेडात धरली, सालाच्या खाली डोळे बारीक करून पाहिलं आणि परत दिली. "दोन्ही हैदराबाद. आहेत माझ्याकडे." मग जरा संकोचून विचारलं, "तुमच्याकडे एवढीच?"

एवढीच होती. २०१६ साली यूपीआय आलं आणि बघता बघता आमच्या गल्लीतून खुळखुळ नाहीशी झाली. भाजीवाली, रिक्षावाला, वडापाव, दूध, सगळीकडे चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटलेला आहे. माझ्या लहानपणी दारामागच्या डब्यात, बाबांच्या शर्टाच्या खिशात, कणकेच्या पिंपावर नाणीच नाणी असायची. दुकानातून परत आलेले सुटे मोजताना नवं काही दिसलं, की बाजूला काढून ठेवायचं. तेच आमचं वाचनालय होतं आणि ते रोज नवी पुस्तकं आणून देत होतं. या मुलाच्या घरी महिनोन् महिने एक नाणं येत नाही. ३० जून २०११ नंतर चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली, तेव्हा तो पाळण्यात होता. 'चार आण्याची अक्कल' हा वाक्प्रचार त्याला ठाऊक आहे, चार आणे कसे दिसतात हे मात्र त्यानं माझ्या अल्बममध्ये पहिल्यांदा पाहिलं.

चलन म्हणजे चालणारं. नाणं चालतं म्हणून ते कुणाकडे तरी येतं. एका हातातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, झिजत झिजत. आता पैसा चालतो, नाणं चालत नाही. सीबीडी बेलापूरला रिझर्व्ह बँकेचं कार्यालय आहे. त्याच हार्बर लाईनच्या दुसऱ्या टोकाला, फोर्टात, टांकसाळ आहे. नाण्याचा जन्म आणि नाण्याचा कारभार आमच्या रेल्वेच्या दोन बाजूंना मांडलेला आहे, आणि मधल्या स्टेशनावरच्या मुलाच्या हातात नाणं नाही.

त्यानं त्यावर स्वतःच वाट काढली होती. घरून मिळालेली शंभराची नोट घेऊन तो संध्याकाळी नेरूळ स्टेशनबाहेरच्या भाजीवालीकडे जायचा, नोटेची चिल्लर करून घ्यायचा, पायरीवर बसून एकेक नाणं बघायचा, हवं ते ठेवून बाकीचं मोजून परत करायचा. आधी तिला संशय आला. पोरगं नाणी बदलतंय की काय? मग एक दिवस त्यानं तिला दाखवलं: सालाखाली हिऱ्यासारखी खूण असेल तर नाणं मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. तिनं आयुष्यभर हाताळलेल्या पैशाला गाव आहे, हे तिला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून दहाची वेगळी नाणी ती त्याच्यासाठी पदराला बांधून ठेवते. दहाच्या नाण्यांवरून तिचं गिऱ्हाइकांशी भांडण व्हायचं. 'हे चालत नाही' म्हणून लोक परत करायचे. रिझर्व्ह बँकेनं २०१८ साली जाहीर केलं होतं, की दहाच्या नाण्याचे तोवरचे चौदाच्या चौदा नमुने चालतात. चौदापैकी बारा त्याच्याकडे होते. ती आता त्याचा दाखला देऊन भांडते.

त्याच्या वहीत पाच रकाने होते. साल, धातू, टांकसाळ, कुठून मिळालं, किंमत. चौथा रकाना बहुतेक रिकामा, पाचवा मात्र भरलेला. त्यात मोठमोठे आकडे होते. मी काही बोलले नाही, पण माझ्या पोटात खड्डा पडला, कारण ते आकडे कुठून येतात हे मला माहीत होतं.

या छंदातली तरुण मुलांपुढची सगळ्यात मोठी अडचण गरिबीची नाही, लोभाची आहे, आणि तो लोभ मुलांचा नसतो. घरातलं कुणीही त्याचा अल्बम उघडून पहिला प्रश्न विचारतं तो एकच: "याचे किती येतील?" मोबाइलवर रोज कुणीतरी सांगत असतं, की वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखोंना जातं. ते नाणं २०१२ साली वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त निघालं, भरपूर निघालं, आणि अजूनही कधीतरी सुट्यांत येतं. पण स्वप्न विकणाऱ्याला नाण्याशी काय देणंघेणं? 'तुमचं नाणं विकून देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा' असं सांगून लोकांना इतकं लुबाडलं गेलं, की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला: जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आमचा संबंध नाही, आम्ही त्यासाठी कसलंही शुल्क घेत नाही आणि कुणाला नेमलेलंही नाही. हा मुलगाही त्या उंबरठ्यावर जाऊन आला होता. पलीकडचा माणूस फोनवर गोड बोलला, त्यानं फोटो मागवले, भाव सांगितला आणि मग फी मागितली. मुलाजवळ तेवढे पैसे नव्हते म्हणून तो वाचला. घरच्यांना त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर छंदच बंद झाला असता.

दुसऱ्यांदा मात्र तो वाचला नाही. फूटपाथवरच्या एका विक्रेत्याकडून त्यानं पाचशे रुपयांना 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८' असं लिहिलेलं, रामदरबार कोरलेलं तांब्याचं जाड नाणं घेतलं. गणपतीला मिळालेले सगळे पैसे त्यात गेले. मोठ्या विश्वासानं त्यानं ते माझ्यासमोर ठेवलं आणि मला खरं सांगावं लागलं. कंपनीच्या कुठल्याही टांकसाळीत असलं नाणं कधी पडलंच नाही. श्रद्धेच्या बाजारासाठी पुढे कुणीतरी पाडलेले हे तुकडे आहेत. त्याचा चेहरा असा उतरला, की मला माझंच बोलणं कठोर वाटलं. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "मग हे फेकून देऊ?"

"फेकू नकोस. ठेव. शेवटच्या रकान्यात 'खोटं' लिही. खरं ओळखायला खोटं हाताशी लागतं."

मग मी माझ्याकडचा एक राणीछाप रुपया त्याच्या हातावर ठेवला. चांदीचा बंदा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, जुने सोनार त्याचंच वजन म्हणून वापरायचे. फरशीवर अलगद टाकायला सांगितला. तो आवाज खोलीत घुमून राहिला. 'खणखणीत' हा शब्द त्यानं त्या दिवशी कानांनी शिकला. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, १९४७ चा रुपया तर निकेलचा आणि पाठीवर वाघ असलेला; प्रत्येकाचा आवाज वेगळा. ते पुस्तकात कुणी लिहून ठेवू शकत नाही. कुणीतरी समोर बसून ऐकवावं लागतं.

असं ऐकवणारी माणसं कमी आहेत, म्हणून चुका होतात. माझ्या हातून झालेली सांगते. आजीच्या देव्हाऱ्यातली ती शिवराई मला मिळाली तेव्हा मी अकरावीत होते. तिच्यावर हळदी-कुंकवाचे, तेलाचे, धुराचे थर होते. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', ही अक्षरं बोटाला लागत होती, डोळ्यांना दिसत नव्हती. शिवाजी महाराजांनी १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक करून घेतला आणि स्वतःच्या नावाचं नाणं पाडलं. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. होन मूठभरांनीच पाहिला असेल. शिवराई मात्र मावळातल्या कुणब्याच्या कनवटीला, बाजारातल्या माळणीच्या टोपलीत फिरली आणि महाराजांच्या मागेही शंभरदीडशे वर्षं फिरत राहिली. ते नाव मला स्वच्छ बघायचं होतं. मी चिंच आणि राखेनं शिवराई घासली. तांबं नव्या भांड्यासारखं लखलखलं. आणि झिजून राहिलेली 'छत्रपति'ची शेवटची दोन अक्षरं त्या लखलखाटात निघून गेली.

तीनशे वर्षांच्या हातांनी जे पुसलं नव्हतं, ते मी एका दुपारी पुसलं. नाण्यावरचा काळपट तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे, ती त्याची कातडी असते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आजी सणासुदीला देव चिंचेनं घासायची, तसंच करायचं असतं असं वाटलं. पूजेतलं नाणं घासायचं असतं आणि संग्रहातलं तसंच राहू द्यायचं असतं, हा भेद कळायला मला एक शिवराई द्यावी लागली. आता भेटेल त्या प्रत्येक मुलाला मी सगळ्यात आधी हेच सांगते. कडांनी धर, चेहऱ्यावर बोट ठेवू नकोस, घासू नकोस.

त्यात आमची हवा खाडीची. पावसाळ्यात भिंतींना ओल, कपाटाला बुरशी, तांब्यावर हिरवी भुकटी. स्वस्त अल्बमचं मऊ प्लास्टिक काही वर्षांत चिकट पाणी सोडतं आणि नाण्याला डाग पाडतं. मुंबईच्या हवेत जे दहा वर्षं टिकतं ते इथे पाच वर्षांत कळकतं, असं मला माझ्या कपाटावरून वाटतं. मुलांजवळ चांगल्या डब्यांचे पैसे नसतात. हा मुलगा बुटांच्या खोक्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या जमवतो, जाड कागदाचे चौकोन कापून पाकिटं करतो, प्रत्येकावर बारीक अक्षरात लिहितो. वन बीएचकेमध्ये त्याच्या वाट्याला पलंगाखालचा एक खण आला आहे. टांकसाळ काढते ती शंभर, दीडशे रुपयांची स्मारक-नाणी त्याला चित्रांतच बघावी लागतात. ती चलनात येत नाहीत आणि विकत घ्यायची तर काही हजार रुपये मोजावे लागतात. मी त्याला सांगते, हातांतून फिरून आलेलं एक झिजकं नाणं काचेतल्या कोऱ्यापेक्षा जास्त बोलतं. हे मी समजूत घालायला सांगत नाही, मला ते खरंच तसं वाटतं.

आणखी एक अडचण वाचण्याची आहे. जुनं नाणं हातात आलं तरी ते बोलतं ब्राह्मीत, फारसीत, कधी मोडीत. शाळेत यातलं काही नाही. चांगली पुस्तकं बहुतेक इंग्रजीत आणि महाग. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, मुंबई विद्यापीठात नाण्यांचा अभ्यास चालतो. पण नववी-दहावीच्या मुलाला तिथवर नेणार कोण? मी मुलगी म्हणून आणखी एक भिंत पाहिलेली आहे. फूटपाथवरच्या विक्रेत्यांभोवती पुरुषांचा घोळका असायचा, तबक माझ्यापर्यंत पोचायचंच नाही. प्रदर्शनांत आजही तरुण मुली मला एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या दिसतात. त्या दिसल्या की मी जाऊन शेजारी उभी राहते.

मे महिन्यात मी त्याला आणि त्याच्या एका मित्राला फोर्टात घेऊन गेले. फिरोजशहा मेहता रोडवर रिझर्व्ह बँकेचं चलन-संग्रहालय आहे, २००४ साली उघडलेलं. तिथल्या एका काचेपुढे उभं राहून मी त्यांना जोगलटेंभीची गोष्ट सांगितली. नाशिकजवळच्या या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक. नाणी क्षत्रप राजा नहपानाची, त्याचा चेहरा असलेली. त्याचा पराभव केला गौतमीपुत्र सातकर्णीनं. गौतमीपुत्रानं ती नाणी वितळवली नाहीत. तीच घेतली आणि त्यांच्यावर आपला ठसा मारला. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जयिनीचं चिन्ह. साठ्यातली नऊ हजारांहून जास्त नाणी अशी दोन राजांची आहेत. ठशाखालून नहपानाचं नाक, केस, ग्रीक अक्षरांचे तुकडे अजून वर डोकावतात.

मित्र आगरी घरातला, नेरूळच्या गावठाणातला. तोवर तो गप्प होता. म्हणाला, "म्हणजे आमच्या गावासारखं. वर सेक्टर, खाली गाव."

मी त्याच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी या शहराला भूतकाळ नाही म्हणून हळहळत होते. या मुलानं एका वाक्यात मला माझं शहर वाचून दाखवलं. नवी मुंबई हे पुन्हा ठसा मारलेलं नाणं आहे. वर सिडकोचा ठसा, खाली मिठागरं, भातखाचरं, होड्या, गावदेवी. आणि काठाकाठानं ती जुनी अक्षरं अजून दिसतात. समोरच्या पाण्यात घारापुरी आहे. सहाव्या शतकातल्या कलचुरी राजा कृष्णराजाची तांब्याची बारीक नाणी तिथे मोठ्या संख्येनं सापडली, आणि लेणी कोरणाऱ्यांना मजुरी म्हणून ती दिली असावीत, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. ज्या हातांनी तिथला महेश कोरला, त्या हातांवर संध्याकाळी टेकलेला पैसा! आमच्या खिडकीतून, स्वच्छ दिवशी, ते बेट दिसतं.

चार दिवसांनी तो मित्र आपल्या आजीकडून एक भोकाचा पैसा घेऊन आला. १९४३ ते १९४७ या काळातला. युद्धात तांब्याची टंचाई झाली म्हणून मधोमध भोक पाडून धातू वाचवलेला. आजीच्या सासूनं तो मुलाच्या करगोट्याला ओवला होता, तो त्याच्या आजोबांच्या कमरेला वाढला. मिठागरातल्या मिठानं तो एका बाजूनं खाल्लेला होता. कुठल्याही बाजारात त्याला दहा-वीस रुपयांपलीकडे कुणी मोजणार नाही. दोन्ही मुलं तो समोर ठेवून कितीतरी वेळ बसली होती. मी त्यांना एवढंच सांगितलं, की घराचा पाया खणताना कधी पुरलेलं काही निघालं तर लपवायचं नाही, जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. १८७८ पासून तसा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी जमिनीनं सांभाळलेली गोष्ट सगळ्यांची असते. मग मुलानं वही काढली. चौथ्या रकान्यात, 'कुठून मिळालं' खाली, जागा पुरेना म्हणून समासात वळवून वळवून लिहिलं. सासू, आजी, आजोबा, करगोटा, मिठागर. पाचव्या रकान्यात त्यानं काही लिहिलं नाही.

यंदा तो दहावीला आहे. घरी ठरलं आहे, परीक्षेपर्यंत नाणी बंद. खण कुलपात आहे. मी त्यांच्या घरी जाऊन वाद घातला नाही. आईबापांची काळजी खोटी नसते. पण मला भीती वाटते ती नंतरची. दहावीनंतर बारावी, बारावीनंतर प्रवेश परीक्षा, मग बदलीचं गाव, मग एक नवं, छोटं घर, आणि ओझं कमी करताना कुणाच्या तरी हाताला लागलेला पलंगाखालचा तो खण. पुन्हा एकदा किलोचा भाव. छंद असाच मरतो. तोडून टाकावा लागत नाही, पुढे ढकलला तरी पुरतो.

परीक्षेआधीच्या एका रविवारी त्याला गणवेशाचं कापड आणायला मुंबईत जायचं होतं, मलाही काम होतं. परतताना मानखुर्द सुटलं. समोरच्या बाकावरच्या एका बाईंनी रुमालाची गाठ सोडली, नाणं कपाळाला लावलं. मला राहवलं नाही. पर्सच्या आतल्या कप्प्यात बत्तीस-तेहतीस वर्षं राहिलेले ते नागमोडी दहा पैसे मी काढले आणि त्याला सगळं सांगितलं. आई, पहिला प्रवास, गजांबाहेर काढलेली मूठ. हे नाणं माझं नाही, मी खाडीकडून ठेवून घेतलेलं आहे, असं म्हणाले. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यानं ते कडांनी धरलं. १९७४, नियोजित परिवार, खालची मुंबईची खूण. सगळं ओठांत वाचलं. मी म्हणाले, "ठेव तुझ्याकडे. देणं फेडायचं ते तू बघ."

गाडी पुलावर आली. रुळांचा आवाज पोकळ झाला. त्यानं दहा पैसे कागदाच्या घडीत घालून शर्टाच्या खिशात, छातीशी ठेवले. मग दुसऱ्या खिशातून रुपयाचं एक नाणं काढलं, त्याच्याजवळ दोन असावीत अशातलं, आणि खिडकीशी उभा राहिला. खाली भरतीचं पाणी लागलं होतं, लांबवर तिवरांची काळी रेघ होती.

टाकण्याआधी त्यानं ते वाचलं.